सुषमा स्वराजांवरचा राग गेला कुठे?

प्रश्न : २००४ साली सुषमा स्वराज यांनी डोकं भादरून घेण्याची भाषा केली, तेव्हा त्या माझ्या मनातून पार उतरल्या. पुढे परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांचं काम पाहत गेलो आणि २०१९ मध्ये त्या गेल्या तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. त्यांच्या पक्षाला मी आजही मत देत नाही. मग बदललं कोण, त्या की मी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तुमच्या रागाबद्दल. तो अस्थानी नव्हता. मे २००४ मध्ये सोनिया गांधी पंतप्रधान होणार अशी चिन्हं दिसताच सुषमाबाईंनी जाहीर केलं की, तसं झालं तर मी केस काढीन, पांढरी साडी नेसेन, जमिनीवर झोपेन आणि चणे खाऊन राहीन. मराठी माणसाला हे झोंबायलाच हवं होतं. विधवांच्या केशवपनाविरुद्ध सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांना उभं केलं ते इथे, मुंबईत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं आणि मुरुडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार सोसला. ज्या खुणा बाईच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून माणसं अशी झिजली, त्याच एका कर्तबगार बाईने राजकारणात शस्त्र म्हणून उचलाव्यात, हे मला आजही पटत नाही. तुम्हीही ते पटवून घेऊ नका.

त्यांची जिद्द मात्र त्याआधीच दिसली होती. १९९९ मध्ये बेळ्ळारीत सोनिया गांधींसमोर त्या उभ्या राहिल्या तेव्हा प्रचाराच्या थोड्या दिवसांत कन्नड शिकून सभा गाजवल्या. सुमारे ५६ हजार मतांनी हरल्या, तरी पुढे कित्येक वर्षं वरमहालक्ष्मीच्या पूजेला तिथे जात राहिल्या.

२०१४ मध्ये परराष्ट्र खातं हाती आलं आणि ही जिद्द सामान्य माणसाच्या उपयोगी पडू लागली. तोवर हे खातं म्हणजे शिष्टमंडळं आणि संयुक्त निवेदनं, आपला त्याच्याशी संबंध पासपोर्टपुरता. सुषमाबाईंनी ट्विटरवर दार उघडं ठेवलं. कुणाचा पासपोर्ट हरवलेला, कुणाचा नातेवाईक परदेशात दगावलेला, कुणाला उपचारासाठी व्हिसा हवा असलेला. थेट मंत्र्यांना लिहायचं आणि संबंधित दूतावास हलायचा. जुलै २०१६ च्या अखेरीस सौदी अरेबियात काम गेलेले हजारो भारतीय कामगार उपाशी असल्याचं कळलं, तेव्हा जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाला त्यांनी जेवणाची सोय करायला लावली. हे सगळं चालू असतानाच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचं मूत्रपिंड बदलण्याची शस्त्रक्रिया झाली.

पण मला विचाराल तर त्यांना ओळखायचं ते २८ डिसेंबर २०१७ च्या निवेदनातून. तीन दिवस आधी पाकिस्तानच्या कैदेत असलेल्या कुलभूषण जाधव यांच्या आई आणि पत्नी त्यांना इस्लामाबादेत भेटून आल्या होत्या. मध्ये काच, बोलणं इंटरकॉमवरून. भेटीआधी दोघींना मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली होती. नेहमी साडी नेसणाऱ्या आईला सलवार-कमीज घालायला लावलं होतं. सुषमाबाईंनी संसदेत सांगितलं की, आईला तशी पाहताच जाधवांनी पहिला प्रश्न विचारला तो वडील कसे आहेत, हा. आईच्या गळ्यात मंगळसूत्र नाही, कपाळ मोकळं, म्हणजे आपल्यामागे काही अशुभ घडलं, असंच त्यांना वाटलं. आणि मायलेकांना मराठीत बोलू दिलं नाही. आई मराठीत बोलू लागली की तिला थांबवायचे, शेवटी इंटरकॉमच बंद केला. मराठी आईचं हे दुःख हरियाणात जन्मलेल्या बाईने आपल्या घरचं असल्यासारखं मांडलं.

त्याआधी तेरा वर्षं वैधव्याच्या खुणा आपणहून अंगावर घेण्याची धमकी देणारी बाई तीच होती. त्या खुणांचा धसका किती खोल असतो, हे त्यांना दोन्ही वेळा पुरतं ठाऊक होतं. २००४ मध्ये त्यांनी तो विरोधकावर वापरला, २०१७ मध्ये तो ज्यांच्यावर वापरला गेला त्यांच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या. म्हणून म्हणतो, माणूस मुळापासून बदललं नव्हतं आणि तुम्हीही बदलला नाहीत. त्यांच्याकडचं काम बदललं. विरोधकाला नामोहरम करण्याच्या जागी अडलेल्याला सोडवण्याचं काम आलं, आणि ते त्यांनी जीव ओतून केलं.

आदर वाटतो म्हणून सगळंच पोटात घालायचं कारण नाही. इराकमधल्या मोसुलमध्ये अपहरण झालेले ३९ भारतीय जिवंत असल्याचं सरकार वर्षानुवर्षं सांगत राहिलं आणि मार्च २०१८ मध्ये त्यांच्या मृत्यूची बातमी सुषमाबाईंनाच संसदेत द्यावी लागली. त्या कुटुंबांचा राग तुमच्या २००४ च्या रागापेक्षा कितीतरी खरा आहे.

मत देण्याचं म्हणाल, तर ते पक्षाला, त्याच्या धोरणांना द्यायचं असतं. तिथे तुम्ही तुमच्या जागी ठाम राहा. आदर मात्र माणसाच्या कामाला द्यायचा, आणि ते काम त्यांच्या मनात शेवटच्या दिवसापर्यंत होतं. जाधव प्रकरणात भारताची बाजू मांडायला वकील हरीश साळवे यांनी एक रुपया मानधन ठरवलं होतं. तो रुपया घ्यायला या, असं सुषमाबाईंनी, त्या गेल्या त्याच संध्याकाळी, साळवे यांना फोनवर सांगितलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये सुषमाबाईंच्या मुलीने तो साळवे यांना नेऊन दिला. डिसेंबर २०१७ चं ते निवेदन संसदेच्या कामकाजात नोंदलेलं आहे. ऐकलं नसेल तर एकदा सबंध ऐका.