शास्त्रीय गद्यातील अर्थनिश्चिती : हीलियम अणूची द्वि-उत्तेजित अवस्था

उद्देश

या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला एका भौतिक घटनेचे नेमके वर्णन करता येईल आणि त्या संदर्भात 'क्षय' या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करता येईल.

विषय-विवेचन

व्यवहारात 'क्षय' म्हणजे झीज किंवा नाश. भौतिकशास्त्रात मात्र 'क्षय कशाचा?' हा प्रश्न आधी विचारावा लागतो. हीलियमचे उदाहरण पाहू.

हीलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी एक बाहेर काढण्यास सुमारे २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. मात्र सुमारे ६०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा एकच प्रकाशकण शोषला गेला, तर दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच वेळी वरच्या पातळीवर जाऊ शकतात. हीच द्वि-उत्तेजित अवस्था होय. एका इलेक्ट्रॉनाच्या सुटकेसाठी लागते त्याहून कितीतरी अधिक ऊर्जा येथे असते. पण ती दोघांत विभागलेली असल्यामुळे अणू क्षणभर टिकतो. पुढे इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणामुळे ऊर्जेची फेरवाटणी होते. एक इलेक्ट्रॉन मूळ पातळीवर उतरतो आणि दुसरा सुमारे ३५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट गतिज ऊर्जा घेऊन बाहेर पडतो. मागे धनप्रभारित आयन उरतो. बाहेरून आणखी ऊर्जा न मिळता हे घडते, म्हणून यास 'स्वयंआयनीभवन' म्हणतात. या अवस्थेचे सरासरी आयुर्मान सुमारे १७ फेम्टोसेकंद असते. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग.

प्रकाश उत्सर्जित करून ऊर्जा कमी करण्याचा मार्गही अणूला मोकळा असतो. परंतु तो इतका मंद असतो की, या अवस्थेत क्वचितच अनुसरला जातो.

१९६३ साली मॅडन आणि कॉडलिंग यांनी अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशाच्या साहाय्याने हीलियमच्या शोषण-वर्णपटात या अवस्थेची खूण टिपली. तेथील रेषा दोन्ही बाजूंना सारखी नव्हती. इलेक्ट्रॉन थेट बाहेर पडू शकतो, तसाच द्वि-उत्तेजित अवस्थेतूनही पडू शकतो. या दोन मार्गांचे व्यतिकरण होते, म्हणजे ते एका बाजूला परस्परांत भर घालतात आणि दुसऱ्या बाजूला परस्परांना खोडतात. अशा असममित रेषांचे गणित उगो फानो यांनी १९६१ मध्येच मांडले होते.

आता भाषेकडे वळू. 'अणूचा क्षय झाला' हे विधान येथे दिशाभूल करते. केंद्रक अबाधित राहते आणि दोन्ही इलेक्ट्रॉनही अस्तित्वात असतात. संपते ती अवस्था. म्हणून 'अवस्थेचा क्षय' हीच योग्य शब्दयोजना. षष्ठी विभक्तीतील एक पद बदलल्याने विधानाची सत्यता बदलते, हे ध्यानात घ्यावे. तसेच 'एक' आणि 'दुसरा' ही केवळ वर्णनाची सोय आहे. इलेक्ट्रॉन परस्परांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. त्यामुळे 'नेमका कोणता बाहेर पडला?' हा प्रश्न व्याकरणदृष्ट्या शुद्ध असला, तरी भौतिकीत निरर्थक ठरतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'स्वयंआयनीभवन' या संज्ञेतील 'स्वयं' या पदाचे प्रयोजन सांगा.
२. 'अणूचा क्षय' आणि 'अवस्थेचा क्षय' यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.