चाळीस टक्क्यांची रेघ

बारावीचा निकाल लागला, की विद्यार्थ्यापुढे महाविद्यालयाच्या निवडीचा प्रश्न उभा राहतो. गुण, शुल्क आणि घरापासूनचे अंतर यांचा विचार सर्वांनाच करावा लागतो. दीर्घकाळच्या आजाराशी झुंजणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मात्र आणखी एक प्रश्न असतो : हे शिक्षण आपल्याला झेपेल का, आणि ते ठरवायचे कोणी?

सिकलसेल हा आनुवंशिक आजार पाहा. यात रक्तातील तांबड्या पेशींचा आकार विळ्यासारखा होतो, रक्तप्रवाहात अडथळा येतो आणि तीव्र वेदना होतात. विदर्भातील व नंदुरबारच्या आदिवासी भागांत हा आजार आढळतो. वेदनेचा झटका परीक्षेची तारीख पाहून येत नाही. अशा विद्यार्थ्याची बुद्धी उणी नसते. उणी पडते ती हजेरी.

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात रक्ताच्या आजारांना स्थान नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश झाला. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवणे व कमाल वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट देणे बंधनकारक झाले. मात्र त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. मधुमेह, अपस्मार यांसारखे आजार या यादीत नाहीत.

या चाळीस टक्क्यांच्या रेघेनेच एक विचित्र पेच निर्माण केला. वैद्यकीय प्रवेशाच्या तेव्हाच्या नियमांनुसार वाचा-दोष ४० टक्क्यांहून कमी असल्यास आरक्षण मिळत नसे आणि ४० टक्के वा अधिक असल्यास विद्यार्थी अभ्यासक्रमालाच अपात्र ठरे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जात होते. मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितलेल्या अशाच एका विद्यार्थ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाने त्याला प्रत्यक्ष तपासले आणि त्याचा दोष शिक्षणाच्या आड येणार नाही, असा अभिप्राय दिला. केवळ टक्केवारीच्या आधारे कोणालाही अपात्र ठरवता येणार नाही. तो विद्यार्थी तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे मंडळाने तपासले पाहिजे, असे न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

हक्क कायद्यात असला, तरी तो मागावा लागतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अर्जाची मुदत संपण्यापूर्वी हाती हवे. लेखनिक किंवा वाढीव वेळ हवा असल्यास अर्जातच तशी नोंद करावी. वसतिगृह, जिने, जवळचे रुग्णालय आणि हजेरीचे नियम यांची चौकशी प्रवेशापूर्वी करणे हिताचे. आजारपणामुळे शाळा सुटली असेल, तर मुक्त विद्यालयात नोंदणी ५ वर्षे टिकते आणि परीक्षेच्या ९ संधी मिळतात. शरीर साथ देईल तेव्हा एकेक विषय उत्तीर्ण होता येते. त्यामुळे गेलेली वर्षे परत येत नसली, तरी पुढची वाट बंद होत नाही.

पाठगत प्रश्न
१. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांतील पेच स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. 'उणी पडते ती हजेरी' या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. तुमच्या परिचयातील आजारी विद्यार्थ्याला प्रवेशापूर्वी कोणत्या तीन गोष्टी करण्यास सांगाल?