झऱ्यातील ऊर्जेचा हिशेब

कोणताही जीव एकटा जगत नाही. एखाद्या क्षेत्रातील सर्व सजीव आणि त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा व प्रकाश मिळून जी रचना बनते, तिला परिसंस्था म्हणतात.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सिल्व्हर स्प्रिंग्ज नावाचे नितळ पाण्याचे झरे आहेत. हॉवर्ड ओडम यांनी तेथील ऊर्जेचा हिशेब मांडून तो १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. पाणवनस्पती व शैवले सूर्यप्रकाशातून दर चौरस मीटरला वर्षाकाठी २०,८१० किलोकॅलरी ऊर्जा बद्ध करीत. शाकाहारी प्राण्यांच्या वाट्यास ३,३६८, त्यांना खाणाऱ्या मांसभक्षकांच्या वाट्यास ३८३ आणि सर्वांत वरच्या भक्षकांच्या वाट्यास अवघ्या २१ किलोकॅलरी येत.

मग उरलेली ऊर्जा कोठे गेली? ती नष्ट झाली नाही. काही अंश प्रवाहाबरोबर वाहून गेला. पण बहुतेक ऊर्जा सजीवांच्या श्वसनात खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने निघून गेली. मृत अवशेषांतील ऊर्जा जीवाणू व कवके वापरतात. तिचीही अखेर उष्णताच होते. अवशेषांतील खनिज द्रव्ये मात्र वनस्पतींना पुन्हा मिळतात. सारांश, द्रव्यांचे चक्र फिरते. ऊर्जेचा ओघ एकाच दिशेने वाहतो.

म्हणूनच अन्नसाखळीच्या टोकाशी थोडेच प्राणी जगू शकतात. पाणी गढूळ होऊन वनस्पतींचा प्रकाश तुटला, तर ही तूट पायरी-पायरीने वर चढते आणि २१ किलोकॅलरींवर जगणाऱ्या भक्षकांजवळ ती सोसण्याइतकी शिल्लक नसते. मोठा मासा राखावयाचा असेल, तर आधी तळाची पाणवनस्पती राखली पाहिजे.