तळ्याचा धनी कोण?

सह्याद्रीच्या पायथ्याशी कर्जत-खालापूरचा मुलूख पसरलेला आहे. कुंभिवली हे त्यातलेच एक गाव. आषाढ-श्रावणात या मुलखात असा पाऊस कोसळतो, की ओढे-नाले दुथडी भरून वाहू लागतात. परंतु सह्याद्रीचा कातळ पाणी धरून ठेवीत नाही. डोंगरावरचे पाणी बघता बघता समुद्राला जाऊन मिळते आणि चैत्र-वैशाखात डोंगरातील वाड्यांवरच्या स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते.

याच मुलखात पाण्याचे दुसरेही रूप पाहावयास मिळते. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून अडवलेले पाणी मोठमोठ्या नळांतून घाट उतरते आणि खोपोलीच्या वीजघरातील चक्रे फिरवते. टाटांचे हे वीजघर १९१५ साली सुरू झाले. त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. चक्रे फिरवून झाल्यावर ते पाणी पाताळगंगा नदीत येते आणि पुढे गावांच्या व कारखान्यांच्या उपयोगी पडते. एकाच पाण्याचे असे अनेक वाटेकरी! मग त्या पाण्याचा खरा धनी कोण? धरण बांधणारा, की ज्याला तहान लागली आहे तो?

हा प्रश्न नवा नाही. याच जिल्ह्यात, महाड येथे, तो एकदा न्यायालयापुढे आला होता. त्या वेळी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई.

महाडात चवदार तळे आहे. इतर सर्व लोक त्याचे पाणी वापरीत. परंतु ज्यांना समाज अस्पृश्य मानी, त्यांना मात्र त्या पाण्याला शिवण्याचीही बंदी होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडला व तो संमत झाला. पुढल्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केले. पण ठराव कागदावरच राहिला.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह शांतपणे तळ्यावर गेले. त्यांनी ओंजळभर पाणी घेतले व ते प्याले. तेवढ्यावरून सत्याग्रहींना मारहाण झाली. तळे बाटले असे म्हणून काहींनी त्याची 'शुद्धी'ही केली. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात विरोधकांनी दावा लावला. हे तळे सार्वजनिक नसून खासगी मालकीचे आहे आणि इतरांना दूर ठेवण्याची वहिवाट फार जुनी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे ठरले आणि वहिवाटीचा आधारही टिकला नाही. पुढे १९५० साली भारताचे संविधान अमलात आले. सार्वजनिक विहिरी व तलाव वापरताना जात, धर्म किंवा लिंग यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे त्याच्या पंधराव्या कलमात सांगितले आहे.

मालकी आणि माणुसकी यांचे नेहमीच वैर असते, असे मात्र नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. तो त्यांचा स्वतःचा हौद होता. म्हणून त्यांच्यावर कोणाची सक्ती नव्हती.

आज या वादाने नवे रूप घेतले आहे. शहरांचा पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडे सोपवावा की नाही, यावर जगभर चर्चा चालते. नागपूरच्या महानगरपालिकेने २०१२ साली हे काम खासगी कंपनीकडे सोपवले. पाणी गाळून शुद्ध करावे लागते, नळ टाकावे लागतात, गळती थांबवावी लागते. कंपनी हे काम नेटाने करील आणि दाम मोजावा लागला की लोक पाणी वाया घालवणार नाहीत, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, की कापड महाग वाटले तर माणूस दुसऱ्या दुकानात जाईल. पण नळाचे पाणी महागले तर तो कोठे जाईल? बोलिव्हिया देशातील कोचाबाम्बा शहरात असेच घडले. पाण्याचे दर एकाएकी वाढले, लोक रस्त्यावर उतरले आणि २००० साली सरकारला कंपनीशी केलेला करार रद्द करावा लागला. पुढे त्याच देशाच्या पुढाकाराने २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शुद्ध पिण्याचे पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. ठरावाच्या बाजूने १२२ मते पडली. विरोधात एकही पडले नाही.

पाणी घरापर्यंत आणण्यास श्रम व पैसा लागतो. तेव्हा त्याचे मोल देणे योग्यच होय. परंतु ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याचीही तहान तितकीच खरी असते. पूर्वी जातीच्या नावाने माणसाला पाणवठ्यावरून परत पाठवीत. उद्या दारिद्र्यामुळे त्याला परत जावे लागले, तर महाडच्या त्या ओंजळीचा अर्थ आपल्याला कळला नाही असेच म्हणावे लागेल.

स्वाध्याय

१. भरपूर पाऊस पडूनही कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर पाणीटंचाई का भासते?
२. महाडच्या खटल्यात विरोधकांनी कोणते दोन मुद्दे मांडले?
३. पाणीपुरवठा कंपनीकडे असावा की नगरपालिकेकडे? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.