विमान आणि पक्षी

विमानास भय असते ते उंच आकाशात, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु पक्ष्यांच्या धडकेचे भय भूमीजवळच अधिक. कारण बहुतेक पक्षी थोड्या उंचीवरच वावरतात. आपल्या सोनेगावच्या विमानतळावरून 2 सप्टेंबर 2025 रोजी कोलकात्यास निघालेले इंडिगोचे विमान पक्ष्याच्या धडकेमुळे लवकरच परतले व सुखरूप उतरले. ते विमान मोठे होते. याच विमानतळावर नागपूर फ्लाइंग क्लबच्या लहान सेस्ना विमानांतून अनेक तरुणांनी उड्डाणाचे शिक्षण घेतले. अशा लहान विमानावर हाच प्रसंग आला तर काय होईल, याचा आपण विचार करू.

घारीचे वजन ते किती? सुमारे 700 ग्रॅम. परंतु आघाताची शक्ती केवळ वजनावर नव्हे, वेगावरही अवलंबून असते. वेग दुप्पट झाला की ती शक्ती चौपट होते. ताशी 120 किलोमीटर वेगाचे विमान घारीवर आदळले, तर एक किलोचा दगड सुमारे 40 मीटर उंचीवरून पडावा इतका तो आघात होतो. मोठ्या प्रवासी विमानाची पुढील काच सुमारे 1.8 किलोच्या पक्ष्याचा आघात सोसेल, अशी कसोटी लावलेली असते. लहान विमानाच्या काचेस बहुधा अशी कसोटी नसते. त्यातून उड्डाणाच्या वेळी उंची थोडी, वेग बेताचा आणि इंजिनही बहुधा एकच; विचार करण्यास अवधी तो किती मिळणार?

हे संकट नवे नाही. ऑर्व्हिल राइट यांच्या विमानाची पक्ष्याशी 1905 सालीच टक्कर झाली होती. 1911 साली अमेरिका खंड विमानाने प्रथम ओलांडणारे कॅल रॉजर्स हे 1912 च्या एप्रिलात कॅलिफोर्नियात समुद्रपक्ष्याशी झालेल्या धडकेनंतर विमान कोसळून मृत्यू पावले.

म्हणून वैमानिकास शिकविले जाते की, धावपट्टीवर पक्षी दिसल्यास ते दूर होईपर्यंत थांबावे. धावताना धडक बसली व पुढे पुरेशी धावपट्टी उरली असेल, तर उड्डाण सोडून द्यावे. विमान हवेत गेले असेल, तर घाबरून नाक फार वर ओढू नये. आधी वेग व तोल सांभाळावा, मग उतरण्याचा विचार करावा.

परंतु सगळा भार वैमानिकावरच टाकणे न्याय्य नव्हे. टिटवी मोकळ्या गवताळ जागेच्या ओढीने विमानतळावर येते. घारी व कावळे मात्र बहुधा आपण उघड्यावर टाकलेल्या उष्ट्यामुळे व मांसाच्या टाकाऊ भागांमुळे जमतात. म्हणूनच 1937 च्या विमान नियमांतील 91 व्या नियमाने विमानतळाभोवती 10 किलोमीटरच्या आत जनावरे कापण्यास व पक्षी जमतील असा केरकचरा टाकण्यास मनाई केली. आपल्या शहराचा मोठा भाग या वर्तुळात येतो.

परमेश्वराने पक्ष्यांस आकाश दिले, त्यानंतर फार काळाने मनुष्य तेथे पोहोचला. तेव्हा पक्ष्यांस दोष देण्याचे कारण नाही. विद्यार्थिमित्रहो, घरचे उष्टे झाकलेल्या पेटीतच टाका, शेजाऱ्यांसही नम्रपणे तसे सांगा. आणि पालकांनीही या कामी मुलांस साथ द्यावी, अशी आमची विनंती आहे.