जुन्या नौकेचे नूतनीकरण : आधी तपासणी, मग इंजिन

हौशी मासेमारीसाठी जुनी लाकडी नौका घेणाऱ्याचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते. वस्तुतः खर्चाचा अंदाज सांगाड्यावरून बांधावयास हवा. कोकणात पावसाळ्यापूर्वी नौका किनाऱ्यावर ओढून शाकारतात. त्याआधीच तळाचा कणा, फळ्यांचे सांधे व खिळ्यांभोवतालचे लाकूड टोच्याने तपासावे. खिळ्याभोवती काळा डाग व मऊपणा आढळल्यास लोखंड गंजून लाकूड खराब होऊ लागले, असे समजावे. अशा ओल्या लाकडावर फायबरग्लासचा थर चढविणे म्हणजे दोष झाकणेच होय. ओल आत कोंडून कुजणे चालूच राहते. इंजिनाबाबतही तारतम्य हवे. जलरेषेवर २५ फूट लांबीच्या अवजड नौकेचा वेग सुमारे ७ नॉटपुढे फारसा वाढत नाही. अधिक अश्वशक्तीने डिझेल मात्र जळते. तो पैसा सागवानी फळ्यांसाठी राखून ठेवावा.