फिल्म 'नॉर्मल' आली, मग आजार गेला कुठे?

उमापूरच्या थांब्यावर संध्याकाळच्या एसटीतून एखादे कुटुंब उतरते. वडिलांच्या हातात मोठे पाकीट असते. आत मेंदूच्या चित्रांची काळी फिल्म. समजा, ती फिल्म त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलाची आहे. सहा महिन्यांपासून तो शेतात जात नाही, रात्ररात्र जागतो, एकटाच बोलतो. "लोक माझ्याबद्दल कुजबुजतात," असे सांगतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. पण घरच्यांना खात्री हवी होती. म्हणून दोन शेळ्या विकून त्यांनी मेंदूचा एमआरआय करून घेतला. रिपोर्टच्या शेवटी लिहिले होते, दोष आढळला नाही.

घरी आल्यावर चुलते म्हणतात, "दादा, फोटूत तर काहीच निघालं न्हाई. पोरगं सोंग करतंय." आजी म्हणते, "म्या तवाच म्हणलं व्हतं, हे बाहेरचं हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद होतात.

वाचकहो, इथे चुलत्यांचेही चुकले आणि आजीचेही चुकले. फिल्म नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असा अर्थ होत नाही. असे का, हे समजण्यासाठी मेंदूचे चित्र नेमके काय दाखवते, हे आज पाहू.

रस्ता दिसतो, एसटी दिसत नाही

माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम असते. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. प्रत्येक पेशी हजारो पेशींशी जोडलेली असते. एकटी पेशी विचार करू शकत नाही. विचार, भावना, आठवण ही सगळी या जोडण्यांतून चालणारी कामे आहेत.

सीटी स्कॅनने माणसाच्या मेंदूचे पहिले चित्र लंडनमध्ये १९७१ साली काढले गेले. त्यात क्ष-किरण वापरतात. पुढे एमआरआय आला. त्यात क्ष-किरण नसतात, जबरदस्त ताकदीचे लोहचुंबक आणि रेडिओ लहरी असतात. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते.

या दोन्ही तपासण्या मेंदूची रचना दाखवतात. गाठ, रक्तस्राव, सूज, फीतकृमीच्या अळीने केलेली गाठ, लकव्याने मेलेला भाग हे सगळे त्यात दिसते. पण तालुक्याच्या नकाशासारखेच हे आहे. नकाशात उमापूरहून गेवराईला आणि गेवराईहून बीडला जाणारा रस्ता दिसतो. त्या रस्त्यावरून एसटी वेळेवर धावते की नाही, हे नकाशा सांगत नाही. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, किंवा नैराश्य यांत बिघाड बहुतेक वेळा वाहतुकीत असतो. नेहमीच्या फिल्ममध्ये तो सापडत नाही.

वाहतूक पाहण्याची युक्ती

वाहतूक पाहण्याची वाट १९९० साली सापडली. अमेरिकेत काम करणारे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी दाखवले, की प्राणवायू असलेले रक्त आणि प्राणवायू संपलेले रक्त चुंबकाला वेगवेगळा प्रतिसाद देतात. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे ताजे रक्त जास्त धावते. हा फरक टिपणाऱ्या तपासणीला फंक्शनल एमआरआय म्हणतात.

१९९५ साली भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक वेगळी गोष्ट पाहिली. माणूस यंत्रात नुसता स्वस्थ पडलेला असताना त्याच्या मेंदूतील रक्ताचा संकेत फार मंद गतीने, दहा सेकंदांहून अधिक काळाच्या लयीत, कमी-जास्त होत होता. डावा आणि उजवा हात चालवणारे मेंदूचे भाग एकमेकांपासून दूर. तरी त्यांचे चढउतार बरोबरीने होत होते. दोन गावांत एकाच दिवशी गर्दी वाढते आणि एकाच दिवशी ओसरते, असे वर्षभर दिसले, तर त्यांचा बाजार एक आहे हे आपण ओळखतो. तसेच हे. अशा बरोबरीने चालणाऱ्या भागांना 'जोडलेले' म्हणतात आणि त्यांच्या गटाला 'जाळे' म्हणतात.

२००१ साली अमेरिकेतील मार्कस राइकल यांनी अशा एका महत्त्वाच्या जाळ्याकडे लक्ष वेधले. आपण हातात काम नसताना स्वतःविषयी, मागच्या-पुढच्या गोष्टींविषयी विचार करत बसतो, तेव्हा हे जाळे जास्त सक्रिय असते. बाहेरच्या कामात लक्ष लागले की ते मंदावते.

मनाच्या आजारात काय आढळले?

१९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क येथे दीर्घकाळ छिन्नमनस्कता असलेल्या १७ रुग्णांचे सीटी स्कॅन काढले गेले. त्यांच्या मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा सरासरीने मोठ्या निघाल्या. हा आजार केवळ वागणुकीचा नाही, तो मेंदूचाही आहे, याचा हा ठळक पुरावा होता.

१९९५ साली कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस फ्रिथ या ब्रिटिश संशोधकांनी विचार मांडला, की छिन्नमनस्कतेत मेंदूचा एखादा भाग मेलेला नसतो, भागाभागांतला मेळ बिघडलेला असतो. कानात आवाज येण्याचे उदाहरण घ्या. आपण सगळेच मनातल्या मनात बोलतो. बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला 'हे आपलेच आहे' अशी खूण देतो. ती खूण नीट पोचली नाही, तर स्वतःचेच बोलणे परक्या माणसाचे वाटू शकते. रुग्णाला तो आवाज खराच ऐकू येतो, तो खोटे बोलत नसतो. हे स्पष्टीकरण शेवटचा शब्द नव्हे, पण यावर जगभर काम झाले आहे आणि त्याला आधार मिळाला आहे.

नैराश्यातही स्वतःविषयीच्या विचारांच्या जाळ्यात फरक आढळले. पण इथे एक धडा आहे. आधीच्या काही लहान अभ्यासांत ही जोडणी जास्त घट्ट दिसली. २०१९ साली चीनमधील २५ संशोधन गटांनी सुमारे १३०० रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा वारंवार नैराश्य येणाऱ्यांत ती उलट सैल दिसली. औषधांचा परिणामही त्यात मिसळलेला होता.

मग ही तपासणी आपल्याकडे का करत नाहीत?

याची तीन कारणे आहेत.

पहिले, यंत्रात डोके जरासे हलले तरी जोडणीचे खोटे चित्र तयार होते, हे २०१२ साली संशोधकांनी दाखवून दिले. बेचैन रुग्णाचे डोके हलतेच.

दुसरे, बहुतेक अभ्यास वीस-पंचवीस माणसांवर झाले होते. २०२२ साली सुमारे ५० हजार माणसांच्या माहितीवरून असे दिसले, की मेंदूचे चित्र आणि मनाची लक्षणे यांचा भरवशाचा संबंध सापडायला हजारो माणसे तपासावी लागतात.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. हे सगळे फरक सरासरीचे आहेत. समजा, एका शिवारात कापसाचे बोंड दुसऱ्या शिवारापेक्षा सरासरीने मोठे आहे. म्हणून हातात एक बोंड घेऊन ते कोणत्या शिवारातले, हे सांगता येईल का? नाही येणार. तसेच एका माणसाची फिल्म पाहून त्याला नैराश्य आहे की नाही, हे आज जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. 'स्कॅनवरून मनाचा आजार ओळखून देतो' अशी कुणी जाहिरात केली, तर पैसे खर्च करू नका.

स्कॅन केव्हा करावा?

स्कॅन निरुपयोगी आहे असे मात्र समजू नये. पहिल्यांदाच फिट आली, डोक्याला मार लागल्यावर वागणे बदलले, हातपाय लुळे पडले, तापात माणूस बरळू लागला, नवी तीव्र डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, किंवा उतारवयात पहिल्यांदाच भ्रम होऊ लागला, तर डॉक्टर स्कॅन सांगतात. तो टाळू नये. असा स्कॅन मेंदूतला दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. तो नॉर्मल आला ही चांगली बातमी आहे. गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढाच तिचा अर्थ.

मनाच्या आजाराचे निदान आजही मुख्यतः नीट विचारपूस करून होते. झोप, भूक, कामातले लक्ष, संशय, आवाज, जिवाला नको होण्याचे विचार, हे किती दिवसांपासून आहे ते डॉक्टर विचारतात. घरच्यांनी सांगितलेली हकीकत फिल्मपेक्षा जास्त कामाची असते. थायरॉइड, बी-१२, साखर अशा साध्या रक्त तपासण्याही लागू शकतात.

घरच्यांनी काय करावे?

गोळ्या मनाने बंद करू नका. बरे वाटल्यावर एकदम सोडल्या तर आजार उलटण्याची भीती असते. गोळीने सुस्ती, थरथर किंवा वजनवाढ झाली, तर डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येते.

रुग्णाला 'सोंग करतोस' म्हणू नका. मारू नका, बांधू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा दोराने, साखळीने बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आजीला देवाला नवस बोलायचा असेल तर बोलू द्या, पण गोळी चुकू देऊ नका.

सल्ल्यासाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लगेच जाणे जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक फिरवा. ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. जीव देण्याची भाषा कुणी केली, तर त्याला एकटे सोडू नका आणि घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवा.

लक्षात ठेवा

१. नॉर्मल स्कॅन म्हणजे 'आजार नाही' असे नव्हे.
२. मनाचा आजार सोंग नाही आणि बाहेरचाही नाही. तो मेंदूच्या कामकाजातला बिघाड आहे.
३. स्कॅनसाठी उपचार थांबवू नका आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय स्कॅन काढू नका.

त्या मुलाच्या वडिलांना एवढेच सांगायचे आहे: दादा, ते पाकीट कपाटात ठेवा, आणि गोळ्यांची चिठ्ठी बाहेर काढा.